नक्कलनवीसाची कैफियत

गंगेकाठी, नाशकातल्या सरकारी बंगल्यात
तिसऱ्या दिवशीही तह अडला
तो एका मोहाच्या झाडापाशी.

खोड आमच्या हद्दीत, म्हणाले विसाजीपंत.
फांद्या आमच्याकडे झुकल्यात, म्हणत
हैबतरावांनी तपकिरीची डबी आपटली.
साहेब नकाशावर पट्टी धरून
घड्याळाकडे बघत होता.

साक्षीला डांगातून आणलेली सोनकी गावीत
दाराशीच उकिडवी बसलेली :
"रातचं गळतं, बाबा.
पहाटं जो आधी येईल, त्याचं."

दोन्ही दिवाण हसले. प्रथमच, एकदम.
मी लिहिलं : साक्षीदार निरक्षर. हद्द ठाऊक नाही.

लाख तापली, शिक्के बसले,
रेघ खोडातून गेली.

वीस वर्षं झाली.
चैत्रात पहाटे जाग येते –
कोण पोचलं असेल आधी?