दोन फेरे

पारोळ्यात हायवेला लागून लुकमान पिंजाऱ्याचं भंगार.
पत्र्याखाली मी, छन्नी, तीन पौंडी हातोडा
आणि दिवसाला आठ-दहा मोटरी.
कुणाच्या बोरीकाठच्या विहिरीवरच्या,
कुणाच्या कमी दाबाने रात्रीतून जळलेल्या.
बायका शेंगा फोडतात तशी मी मोटर फोडते.

आधी कव्हर. गंजलेल्या बोल्टांना रॉकेल पाजायचं,
ते मुरेपर्यंत कळण्याची भाकर खाऊन घ्यायची.
रोटर ओढून बाजूला, त्याला लोखंडाचा भाव.
मग स्टेटर उभा करून
एका अंगाने वेटोळी मुळापासून छाटायची
आणि दुसऱ्या अंगाने पकडीने ओढायची.
निघतात. सगळीच निघतात शेवटी.
व्हार्निश चिवट असलं की शिव्या घालाव्या लागतात.
काही जण जाळून काढतात. हिरवी ज्योत दिसते छान,
पण काळ्या तांब्याला किलोमागे कमी मिळतात
आणि तो वास तीन आंघोळींनी जात नाही.

मागे एकदा वरून लाल, खरवडलं तर आत पांढरं.
ॲल्युमिनियम, रंग देऊन बसवलेलं.
लुकमानचाचाने त्या मिस्तरीच्या सात पिढ्या काढल्या.
मी मान खाली घालून ठोकत राहिले,
कारण माझा बापही मिस्तरीच.

उखर्डू मिस्तरी. तो मोटरी भरायचा, मी रित्या करते,
एवढाच आमच्या धंद्यात फरक.
त्याच्या यंत्राचा काउंटर तुटलेला, म्हणून मी.
पाच वर्षांची, उलट्या डब्यावर बसून.
तो दांडी फिरवायचा, मी आकडे म्हणायची.
"मोज वं आंडेर."
अठ्ठेचाळीसला थांबायचं.
अठ्ठेचाळीसच्या पुढेही आकडे असतात
हे मला शाळेत कळलं,
आणि ते जरा फुकटचे वाटले.

आज आलेली पाच एचपीची. पाटी उडालेली.
कव्हर काढलं तर वेटोळ्यांना नाडी.
बाजारातली पट्टी नाही, नाडी, आईच्या परकराची.
पट्टी संपली की तो वलणीवरून ओढून न्यायचा
आणि आई दोन दिवस बोलायची नाही.
गाठ उलटी. डावखुरा होता.

"थांबलीस का? पाल निघाली का आत?"
"नाही चाचा."

छाटलं.
तोंडं उघडी पडली, लाल, दाट,
बाजरीच्या कणसावर दाणे असतात तशी.
नखाने मोजली. अठ्ठेचाळीस. पुढचं वेटोळं, अठ्ठेचाळीस.
काय गरज होती मोजायची? तरी मोजत गेले.
एकाची शेहेचाळीस.
पुन्हा मोजली. शेहेचाळीस.

दुपार होती. बाहेर डोंबाऱ्याची ढोलकी,
दोरीवर माझ्याएवढीच पोरगी चढलेली,
दारातून तिचे नुसते पाय दिसायचे.
एकतीस म्हटलं आणि पाय बघितले,
मग थेट चौतीस.
"कितला व्हयनात?"
"अठ्ठेचाळीस, बा."
त्याने गाठ मारली.

म्हणजे इतकी वर्षं कुणाच्या तरी मळ्यात
ही दोन फेरे कमी घेऊन पाणी ओढत होती.
त्या वेटोळ्याला जरा जास्त ताप होत असेल.
जळाली ती त्याने, का लाइटीने, का नुसती वयाने?
बाप असता तर वास घेऊन सांगितलं असतं.
आणि मला काही बोलला नसता,
ते जास्त वाईट.

काट्यावर चार किलो दोनशे. आर्मेचरचा भाव.
काट्याला दोन फेरे कळत नाहीत.
"नाडी काढ की, चिंधीचे पैसे भरू का मी?"
उजव्या हाताने सुटेना,
व्हार्निशने दगड झालेली.
डाव्याने सुटली.

बत्तीस, म्हटलं. तेहेतीस.
लुकमानचाचा वहीत लिहीत होता, त्याने मान वर केली,
त्याला वाटलं मी भाव सांगतेय.

पुढची सिंगल फेज आहे, लहानशी.
बोल्टांना रॉकेल टाकून ठेवलंय.