कहतहज

प्रेसच्या गेटवर एकतीस वर्षं
रोज सुट्टी होताना हात वर केले,
खिसे उलटे केले, डबा उघडून दाखवला.
खैरनारची नजर पोळीच्या घडीतसुद्धा जायची.
अडवणं म्हणजे काय ते मला कळतं,
अशी माझी समजूत होती.

आता जेलरोडच्या घरात
फ्रिजवर ठेवलेला जुना लॅपटॉप,
स्क्रीन तडकलेला, बिजागरीला सुतळी,
मलाच विचारतो, कोण?
गच्चीवरच्या तापमापकाचे आकडे
दर दहा मिनिटांनी तो लिहून ठेवतो.
सकाळी निफाडहून साडूचा फोन,
रात्री बागेत शेकोट्या पेटवल्या आम्ही,
तुमच्याकडे किती उतरला पारा?

एवढाच आकडा हवा होता.

आधी म्हणे, किल्ली फार उघडी आहे.
पेनड्राइव्हवरून नव्या मशीनवर आणली,
तर कुणीही वाचावी अशी होऊन आली.
सहाशे करा मामा, ऊर्जिता म्हणाली पुण्याहून,
म्हणजे तुमच्याशिवाय कुणी नाही.
केलं. बरं वाटलं.
आमच्या खात्यात शोभली असती ही पोरगी.

मग पासफ्रेज.
टाइप करताना काहीच उमटत नाही.
टिंब नाही, चांदणी नाही,
कर्सरही जागचा हलत नाही.
लाइट गेल्यावर सुईत दोरा ओवावा
तशी बावीस अक्षरं ओवली.
चूक.
पुन्हा, एका बोटाने, सावकाश.
चूक.
तिसऱ्यांदा चष्मा पुसून.
चष्म्याचा काय संबंध, ही म्हणाली,
तिथे दिसतंय काय?

परमिशन डिनाइड.

तीन व्ही लावा, मग ते बोलायला लागतं.
लावले. बोलायला लागलं ते थांबेना,
लग्नात भेटलेल्या लांबच्या काकांसारखं,
कुठून निघालो, कुणाला भेटलो,
कुठली किल्ली पुढे केली, कुठली मागे ठेवली.
त्या गर्दीत एक ओळ:
सर्व्हरने किल्ली मान्य केली.

म्हणजे फ्रिजवरचा बिचारा
मघाशीच हो म्हणून बसला होता.
दार अडलंच नव्हतं.
अडवत होती माझीच किल्ली,
इथे, माझ्याच टेबलावर.
पासफ्रेज त्याला कधी कळतच नाही मामा,
ते तुमचं आणि तिचं.

मी काही बोललो नाही.
समोर सोसायटीची नोटीस उघडी होती,
रविवारी टाकी धुणार, पाणी भरून ठेवा.
सहज तिच्याखाली
कुलूप लिहून पाहिलं, इंग्रजी अक्षरांत.
उमटलं: कहतहज.

वर कोपऱ्यात बारीक अक्षरांत "मरा".
कीबोर्ड रात्रीपासून मराठीत होता.
बावीस अक्षरं मी बरोबरच मारली होती,
बोटं तीच, खुणा त्याच,
फक्त अंधारात भाषा दुसरी.

पाच वाजून दहा मिनिटं: सहा पूर्णांक आठ.
साडूला कळवलं. तो म्हणाला, हॅ, आमच्याकडे चार.

पासफ्रेज काढूनच टाकू का, ऊर्जिताने विचारलं,
रोजची कटकट जाईल.
नको म्हटलं.
एकतीस वर्षांची सवय आहे,
कुणीतरी झडती घेतल्याशिवाय
घरी आल्यासारखं वाटत नाही.

संध्याकाळी लिफ्टजवळ
तिसऱ्या मजल्यावरचे दाणी थांबले होते,
बोट नोटिशीच्या तळाशी.
टाकीचं समजलं, म्हणाले,
पण हे कहतहज कधी आहे?