भांगाचं पाणी

अकरा वर्षं मी लिस्बनच्या कागदांची वाट पाहिली.
म्हापशाचा एजंट म्हणायचा, पुढच्या महिन्यात नक्की.
एका दाखल्यावर बाबांचं नाव सगुण,
दुसऱ्यावर सगुणा.
त्या एका कान्यावर मी लटकत राहिलो,
वाळत घालून विसरलेल्या टॉवेलासारखा.

दारू प्यायलो असतो तर सांगायला तरी काही असतं.
मी नुसता बसलो. सोप्यावर, खांबाला टेकून.
तिकडे गेल्यावर बघू, म्हणत
कौलं चाळली नाहीत, दुखरी दाढ दाखवली नाही,
शर्मिलेला हो म्हटलं नाही,
नाही म्हणण्याचेही कष्ट घेतले नाहीत.
ती कुडचड्याला असते आता.

बांध फुटला तोही याच वर्षांत.
आधी ते खेकड्याचं बीळ होतं, बोट जाईल एवढं.
मी पाहिलं होतं. रोज जाता-येता पाहायचो.
मूठभर चिखल पुरला असता.
मग हात जाईल एवढं झालं, मग कुत्रा,
मग होडी,
आणि चोडणच्या आमच्या खाजनात मांडवी शिरली ती शिरलीच.
कोरगुटाच्या जागी तिवरं उभी राहिली,
गुडघाभर खारं पाणी दिवसातून दोनदा येऊन जायचं,
माझ्यापेक्षा नेमानं.

यंदा एजंटचं दुकान बंद दिसलं.
तिथे मोबाइलची कव्हरं विकतात.
मी एक घेतलं. साठ रुपये.
दुसरं काय करणार होतो?

फेरीबोटीत कायतान भेटला, मानशीचा राखणदार.
मानस म्हणजे आमच्याकडे बांधातली लाकडी झडप,
ओहोटीला उघडते, भरतीला मिटते.
घाटावर मानस म्हणजे मन.
लाकूड कुजलं की दोन्ही उघडीच राहतात.

म्हटलं, भगदाड बुजवू या. उद्याच.
तो हसला. पुढचे दोन दात नाहीत त्याला.
‘फाल्यां उमास. उदकाक जोर आसता.
आठमीक यो.’

अष्टमीला भांगाचं पाणी.
समुद्राला दोन्हीकडून ओढ, म्हणून तो कुठेच धड ओढत नाही.
तेवढे चार तास हातात.
बाकीचा पंधरवडा तो आपलं ऐकत नाही.

आठ दिवस.
थांबण्यात मी मुरलेला, आठ दिवसांचं काय!
पण बांबू तोडायचे होते, पेंढा आणायचा होता,
शेजारच्या पाच जणांच्या दारात उभं राहून
ज्यांच्या लग्नांना गेलो नाही
त्यांच्याकडे फावडी मागायची होती.
गुणाजी म्हणाला, तू? आणि फावडं?
आणि दोन दिली.

पहिला भराव वाहून गेला.
दुसऱ्यात माझी चप्पल गेली, ती अजून आतच आहे.
दुपारी एकला पाणी फिरलं,
नव्या चिखलाला खांदा लावून बघू लागलं.
एका जागी झिरपलं.
कायतानने तिथे टाच रोवली
आणि विडी पेटवली.

भात कधी, मी विचारलं.
मीठ उतरायला तीन पावसाळे, तो म्हणाला. कदाचित चार.
मी हिशेब केला. सत्तेचाळीस. कदाचित अठ्ठेचाळीस.
दाढ ठणकत होती. सोमवारी दाखवायची आहे,
चिठ्ठी लिहून कव्हरात सारली मोबाइलच्या.

परतताना जुन्या बांधावर एक बीळ दिसलं,
बोट जाईल एवढं.
चार पावलं पुढे गेलो होतो.
मागे आलो. वाकलो.
गुडघे वाजले.