वाळा

आमच्या अंबोदिमांगाला रस्ता नाही.
एक पायवाट आहे, ती नदीपाशी संपते,
आणि नदी तिच्या मर्जीने सोडते किंवा अडवते.
म्हणून आठवडा आम्ही रुळांवरून मोजतो:
मंगळवारी गाडी चढते डोंगराकडे, शहराला,
बुधवारी उतरते समुद्राकडे,
बाकीचे वार कशाला ठेवलेत कोण जाणे.

केळीचा घड कधी उतरवायचा, ते हाताला कळत नाही,
डोळ्याला कळतं. फळाच्या धारा बोथट झाल्या
की कोयता घ्यायचा.
सोमवारी कापलेला मंगळवारी हिरवा चढतो,
गुरुवारी शहराच्या बाजारात पिवळा विकतो.
गाडी वेळेवर आली तर.
मुसे लेझाफी, आमचा स्टेशनमास्तर,
फोन कानाला लावतो आणि बोलता बोलता डोळे मिटतो.
डोळे मिटले की आम्ही समजतो,
इंजिन पुन्हा कुठल्या तरी बोगद्यात आजारी पडलंय.

त्या वर्षी वादळ गेलं
आणि मागून टेकडी रुळांवर येऊन बसली.
अठरा दिवस.
फलाटावर एकशेचाळीस घड,
हिरवे, मग पिवळे, मग ठिपक्याठिपक्यांचे, मग काळे.
मधमाश्या आल्या. डुकरं आली.
सुआव्हेलूने चार पिंपं दारू गाळली,
पण विकणार कुणाला?
प्रत्येकीच्या घरी तीच दारू.

एकोणिसाव्या दिवशी स्लीपरांवरून चालत एक माणूस आला,
काखेत गवताची जुडी.
म्हणाला, रुळांवरच्या उतारावर कसावा लावू नका,
हे लावा.
झाफित्सारा हसला, "बैल समजलास का रे आम्हाला?"
माणूस काही बोलला नाही.
त्याने एक ठोंब उलटा धरला:
वर कमरेएवढी पाती,
खाली त्याच्याहून लांब मुळं,
म्हातारीच्या विस्कटलेल्या केसांसारखी,
आणि त्यांना वास, ओल्या मातीला कुणी
पेटीत घडी घालून ठेवल्यासारखा.

उतारावरची पट्टी माझ्या आईची.
भाताचा दाणा संपतो त्या महिन्यांत
त्याच पट्टीने आम्हाला जगवलेलं.
गाडीसाठी पोट सोडायचं? मी अर्धी दिली.
वरच्या अर्ध्यात कसावा ठेवला,
आणि मोजायला आलेल्या साहेबाला
पट्टी एवढीच आहे, असं सांगितलं.

पुढच्या पावसात वरचा अर्धा निसटला.
रात्रीच. आवाज असा,
जणू कुणी भरलं पोतं ओढत नेतंय.
सकाळी पाहिलं तर कसाव्याची झाडं,
दगड, माझं कुंपण, सगळं
गवताच्या पहिल्या रांगेला टेकून थांबलेलं.
खाली रूळ कोरडे.
झाफित्सारा माझ्याकडे बघत होता.
मी त्याच्याकडे बघितलं नाही.
कुदळ आणायला घरी गेले.

आता वर्षातून एकदा पाती कापतो, छपरावर घालतो.
कसावा मी नदीकाठी नेलाय, तिथे तो बारीक होतो,
त्याची कुरकुर ऐकावी लागते.
भूक अजून त्याच महिन्यांत येते.
गाडी अजून उशिरा येते,
डबे गळके, दिवे नाहीत, घड खिडकीतून कोंबावे लागतात,
आणि घडामागे दलालाचं बोट आधी डागावरच जातं.

पण ती जाते तेव्हा मी उतारावर अनवाणी उभी राहते.
आधी तळव्यांना कळतं, मग कानांना.
सगळी टेकडी थरथरते
आणि जागची हलत नाही.

आज सोमवार. फोन वाजला.
लेझाफी बोलतोय, डोळे उघडे आहेत.
माझा कोयता कुणी घेतलाय?