शुक्रवारपर्यंत अठरा कपाटं

सोमवारी आमरांतहून औषधवाल्या बाईंचा फोन आला:
जुनं कपाट काढलंय, नवी अठरा हवीत,
शनिवारी दुकान उघडायचंय.
मी हो म्हटलं. मग हिशोब केला.
आमच्या धंद्यात हा क्रम कधी सुधारत नाही.

पारव्याच्या शेपटीचा सांधा: एक कोपरा, चाळीस मिनिटं.
अठरा कपाटांचे बहात्तर कोपरे,
म्हणजे अठ्ठेचाळीस तास,
न जेवता, न शिंकता,
पटाशीला एकदाही धार न लावता.
खाच-कुसू त्याहून संथ.
खुंट्या झटपट, पण भोक अर्धा मिलिमीटर सरकलं
की सगळं कपाट रुसतं.
बिस्किटं? डेलिउने पहिल्या दिवशी
एक तोंडात घालून पाहिलं होतं.

फळ्यांना खोबण, हे तर नक्की.
पण चिकट सुकायला हवा पाऊण तास
आणि क्लॅम्प आहेत फक्त नऊ.
तेव्हा कळलं, वेळ हातांत अडकत नाही,
वाट पाहण्यात अडकतो.
भिंतीकडच्या बाजूला तिरपा स्क्रू मारायचा,
चिकट सुकेपर्यंत तोच धरून ठेवील.
तिथे कोण बघणार?

"मी बघणार," बेल्मिरुमामा म्हणाले,
आणि रंधा पुसत बसले. तो आधीच स्वच्छ होता.

मंगळवारी ते जुनं कपाट आलं, मापांसाठी.
चेस्टनटचं, काळवंडलेलं, अजून कापराचा वास.
मामांच्या आजोबांच्या हातचं.
"ये इकडे," मला म्हणाले, "शीक."
खण ओढला: शेपट्या अशा बसलेल्या
की नख शिरेना.
दुसरा खण. तिसरा.
मग आम्ही चौघांनी ते पालथं केलं.

मागची फळी खिळ्यांनी ठोकलेली.
सांधा नाही, खाच नाही, नुसते खिळे,
रांगसुद्धा सरळ नाही,
आणि एक वाकलेला,
उपटायलाही वेळ नव्हता म्हणून
तसाच हातोडीने निजवलेला.

मामा त्यावरून अंगठा फिरवत राहिले.
डेलिउ हसणार होता, मी त्याच्या पायावर पाय दिला.
"म्हातारा," मामा म्हणाले, "मला पट्टीने मारायचा,
सांध्यात कागद शिरला तर."
आणि थोड्या वेळाने:
"तो तिरपा स्क्रू. भोक कुठल्या बाजूने पाडतेस?"

बुधवारी सहा. गुरुवारी सात, दिवे लावून.
शुक्रवारी दुपारी सतरा उभी राहिली
आणि अठरावं अजून ओलं.
बाईंचा फोन वाजत होता.
तसंच उचललं, क्लॅम्पसकट, गाडीत आडवं घातलं.
मामा मागे चढले, त्याच्याशेजारी बसले.
डोंगराच्या प्रत्येक वळणावर
आरशात मला दिसायचा त्यांचा तळहात,
कोपऱ्यावर दाबलेला,
दहावा क्लॅम्प.