चवीपुरतं

पौड फाट्याला, गिरणीवरच्या खोलीत
आम्ही पाचजण. ही भाषा पुण्यात
सहावं कुणी लिहीत नाही.

इरफान तांबोळीने चाळीस ओळी दिल्या,
पासवर्ड दळायच्या.
"पिठाचे परत गहू होता कामा नयेत.
आणि दर दळणाला मीठ वेगळं."

कुंटेबाईंनी चष्मा पुसला,
एकोणिसाव्या ओळीवर बोट ठेवलं:
"अरे, मीठ सगळ्यांना एकच पडतंय."

खाली पट्टा थांबला.
इरफानच्या कोपरावर पीठ.
खोडलं, पुन्हा लिहिलं, पाचांना वाटलं.

कुलूप कसं घडवलं ते उघड दाखवायचं,
बाईंचंच म्हणणं.
किल्ली त्यांची कीबोर्डाखाली, पिवळ्या चिठ्ठीवर,
शाईने.
चहा सांडला तेव्हा मी वाचली:
कुणाचं तरी लाडाचं नाव, पुढे एक साल.

पुसून तशीच ठेवली.