काटा

माझं कामच काट्यावरचं.
यॉर्कटनच्या धान्यकोठाराबाहेर
सव्वीस वर्षं मी ट्रक तोलतो आहे:
आत येताना भरलेला, बाहेर जाताना रिकामा,
मधली वजाबाकी म्हणजे गहू, नाहीतर कनोला, नाहीतर जवस.
शेतकरी खिडकीतून हात हलवतो, मी पावती फाडतो.
कुणी म्हणालं, ऑरेस्ट, तुझा काटा खोटं बोलतो,
तर म्हणतो, काट्याला तोंड कुठंय, गड्या.

त्याला तोंड आहे
हे मला एक्कावन्नाव्या वर्षी न्हाणीघरात कळलं.
एकशे अकरा.
उतरलो. चपला काढल्या. पुन्हा चढलो.
एकशे अकराच.
मग चष्मा काढला,
तेव्हा कुठे आकडा दिसेनासा झाला.

डॉक्टरीणबाईंनी औषधासारखं लिहूनच दिलं:
चालणे, रोज पाऊण तास.
बाहेर उणे एकतीस. पहिल्याच श्वासाला
नाकातले केस खडखडीत गोठतात.
म्हणून आम्ही मॉलमध्ये चालतो,
दुकानं उघडायच्या आधी.
शटरं खाली, काचेआडचे पुतळे
पोहायच्या कपड्यांत, सगळेच सपाट पोटाचे.
बुटांच्या दुकानापाशी वळायचं,
आटलेलं कारंजं उजव्या हाताला ठेवायचं.
एक फेरी, सहाशे दहा पावलं.

लिओकादियाबाई अठ्ठ्याहत्तरच्या, एक गुडघा धातूचा.
मला दोनदा मागे टाकतात.
दुसऱ्यांदा जाताना नुसतं “डावीकडून” म्हणतात,
सायकलवाले म्हणतात तसं.

चालून झालं की सगळी मंडळी कॉफीला,
आणि कॉफीला एकटं कसं सोडायचं?
मी हिशेबाचा माणूस, हिशेब केला:
एका डोनटच्या सात फेऱ्या.
म्हणजे रोज सकाळी मी
घरापासून डोनटपर्यंतच चालतो,
लांबच्या वाटेनं.

सहा आठवडे झाले. चारशे ग्रॅम.
आमच्या काट्यावर ट्रकच्या चाकाला चिकटलेला चिखल
याहून जास्त भरतो.
पट्ट्याला नवं भोक पाडायला खिळा शोधून ठेवला होता,
तो अजून खिशातच टोचतोय.

स्लावका बोलत नाही काही.
ताटात आठाऐवजी चारच पिरोगी वाढते,
उरलेले चार झाकून फ्रीजमध्ये,
अगदी पुढच्या फळीवर.
ही माया की सापळा, मी विचारत नाही.
रात्री दोन वाजता उभ्या उभ्या खातो,
फ्रीजच्या उजेडात,
तळलेला कांदा बोटाने निपटून.

बाबांचं वजन गेल्या ऑक्टोबरात आपसूक उतरलं.
खाटेलाच काटा होता, नर्स बटण दाबायची.
सत्याऐंशी. चौऱ्याहत्तर. एकसष्ट.
एक पाऊल न चालता.
दर शुक्रवारी मी आकडा विचारायचो,
आणि ती सांगायची, हळू आवाजात,
घासाघीस करता येणार नाही अशा.

ते चारशे ग्रॅम दिसले ना,
तेव्हा आनंदाच्या आधी
अंगावर काटा आला.
हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

काल संध्याकाळी शेवटचा ट्रक गेला,
अंगण रिकामं, वाऱ्यावर बर्फाचा भुगा,
आणि मीच जाऊन उभा राहिलो पुलावर, एवढ्या मोठ्या लोखंडावर एकटा,
कोट, बूट, टोपी, सगळ्यासकट.
धावत आत येऊन आकडा बघायचा तर आकडाच जातो,
म्हणून रात्रपाळीच्या पोराला खिडकीत बसवलं.
तो ओरडला, एकशे दहा!
ट्रकचा काटा दहा-दहा किलोंनीच बोलतो,
सुट्टे मोजत बसत नाही.
पोरानं हसत हसत पावतीही फाडली.
भरलेलं: एकशे दहा.
रिकामं: कोरं.
निव्वळ: कोरं.

आज कारंज्यापाशी ती लिओकादियाबाईंना दाखवली.
त्यांनी चालता चालताच वाचली, चष्मा कपाळावर ढकलून.
“माल कोणता, ते नाही लिहिलं,” म्हणाल्या,
आणि पावती माझ्या हातात देऊन
बुटांच्या दुकानापाशी वळल्यासुद्धा.